भंगाराचा भाव, चालू भाव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एखादी जुनी लेथ विकायला निघाली की तिच्याभोवती तीन-चार जण येऊन उभे राहतात आणि बराच वेळ कुणीच काही बोलत नाही. मग एक जण वाकून बेडवरून बोट फिरवतो. चकच्या जवळचा भाग, जिथे वर्षानुवर्षं काम झालेलं असतं, तिथे बेड किती घासला गेलाय हे त्याच्या बोटाला कळतं. दुसरा चक धरून हलवून बघतो, स्पिंडलला प्ले आहे का म्हणून. तिसरा मालकाला एवढंच विचारतो, की हिचे गिअर अजून मिळतात का. या तीन गोष्टींवर ठरतं, मशिनला चालू भाव द्यायचा की भंगाराचा. रंगाला कुणी विचारत नाही. रंग अगदीच ताजा दिसला तर उलट संशय वाढतो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची आणि त्याच्या पहिल्यावहिल्या वसाहतींपैकी एक म्हणजे वागळे इस्टेट. कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आल्या, आयटीवाले आले, पासपोर्टचं कार्यालय आलं. तरी आतल्या रस्त्यांवरच्या गाळ्यांमध्ये दुसऱ्या हातातली यंत्रं अजून घरघरत असतात. तिकडे भिवंडीत तर अख्खं गाव अशा यंत्रांवर उभं राहिलं. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग तिथल्या घराघरांत, शेडमध्ये जाऊन बसले आणि गिरणगावात आवाज बंद झाल्यावरही तिथे धोटे पळत राहिले. जुन्या यंत्रात कमीपणा असतो, असं या पट्ट्यातल्या माणसाला वाटत नाही. ते न तपासता घेणारा मात्र त्याला खुळा वाटतो.

हाच माणूस रोज ज्या गाडीतून येतो-जातो, तिच्याबद्दल मात्र त्याला यातला एकही प्रश्न विचारता येत नाही.

कल्याण-डोंबिवलीहून निघायचं, ठाण्याला उतरायचं, स्टेशनाबाहेरच्या सॅटिस पुलावर टीएमटीची बस नाहीतर खाली शेअर रिक्षा पकडून वागळे गाठायचं, हा हजारोंचा शिरस्ता आहे. दुसरा लोंढा उलट्या दिशेचा. तो नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांकडे वळतो आणि ट्रान्स-हार्बरने ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे करत वाशीकडे जातो. नोव्हेंबर २००४ मध्ये हा मार्ग प्रवाशांसाठी सुरू झाला. त्याच्या नशिबी कोऱ्या गाड्या अगदीच थोड्या आल्या. इथे धावते ती लोकल बहुधा आधी दुसऱ्या कुठल्यातरी मार्गावर राबलेली असते.

त्याची कहाणी अशी. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातून आलेल्या जांभळ्या-पांढऱ्या गाड्या २००७ च्या अखेरीस पश्चिम रेल्वेवर धावू लागल्या. डबे पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, विद्युत यंत्रणा सीमेन्सची, म्हणून प्रवाशांच्या तोंडी नाव पडलं ‘सीमेन्सची लोकल’. छतातून हवा आत ढकलणारी यंत्रणा, ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडण्याची सोय, मोठ्या खिडक्या. त्या वेळी चर्चगेटच्या प्रवाशाला हे भलतंच अप्रूप होतं. मग १५ मार्च २०१५ ला पश्चिम रेल्वेवरच बम्बार्डियरची यंत्रणा असलेली पहिली लोकल निघाली. अशा ७२ गाड्या यायच्या होत्या. त्या येत गेल्या तसतशा पश्चिमेकडच्या सीमेन्स लोकल मध्य रेल्वेकडे सरकत गेल्या आणि मध्य रेल्वेवरच्या त्याहून जुन्या गाड्या मोडीत निघाल्या. थोरल्याला दिवाळीत नवा सदरा आणि धाकट्याला थोरल्याचा, हा चाळीतला न्याय रेल्वेनेही पाळला. गंमत म्हणजे जिच्या नावाने ही गाडी ओळखली जाते, त्या कंपनीचा कळव्याचा कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्यावरच आहे. माहेर जवळ असूनही गाडी आली ती बोरिवली-विरारच्या गर्दीत काही वर्षं काढून.

हार्बरचा इतिहास तर याहून बोलका आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती बोरीबंदर ते कुर्ला, हार्बर मार्गानेच. ज्या मार्गाला वीज सगळ्यांच्या आधी मिळाली, त्याला पुढच्या सुधारणा सगळ्यांच्या शेवटी मिळाल्या. बारा डब्यांच्या गाड्या मुख्य मार्गांवर १९८० च्या दशकात आल्या. हार्बरला पहिली बारा डब्यांची लोकल मिळायला एप्रिल २०१६ उजाडला. विजेचंही तसंच झालं. मुंबईच्या तारेत आधी १,५०० व्होल्ट डीसी होता, तो बदलून २५,००० व्होल्ट एसी करायचा होता. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये, आणि हार्बरवर डीसीची शेवटची गाडी धावली ती ९ एप्रिल २०१६ च्या रात्री. साहजिकच इतर मार्गांना नकोशा झालेल्या डीसी गाड्यांचं शेवटचं आश्रयस्थान हार्बरच ठरलं. त्या रात्रीनंतर मात्र त्यांना कुठेच जागा उरली नाही. भारतीय रेल्वेवर दीड हजार व्होल्टची तारच शिल्लक नव्हती. (जकार्ताच्या लोकलची तार नेमकी तेवढ्याच दाबाची आहे; पण तिथले रूळ अरुंद. एकाचं एक जुळलं तर दुसरं जुळत नाही.)

दुसऱ्याची गाडी आपल्याकडे आणताना लेथवाल्याचे प्रश्न अपुरे पडतात. मशिन गाळ्याच्या दारातून आत जाईल का, हे आधी बघावं लागतं.

पहिल्या एसी, म्हणजे वातानुकूलित, लोकलचं उदाहरण ताजं आहे. ती एप्रिल २०१६ मध्ये कुर्ला कारशेडमध्ये आली. यायची होती मध्य रेल्वेसाठी. पण मुख्य मार्गावर कुर्ल्याच्या दक्षिणेला ब्रिटिशांच्या वेळचे पूल आहेत आणि गाडीची उंची त्या पुलांखालच्या तारेला मानवेना. मग ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरवर ती चालवावी असा विचार झाला, चाचण्या झाल्या, महिने गेले आणि अखेर गाडी पश्चिम रेल्वेकडे रवाना झाली. २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून ती निघाली आणि देशातली पहिली वातानुकूलित लोकल म्हणून मिरवली. म्हणजे एकाही प्रवाशाने तिच्यात पाऊल ठेवण्याआधीच ती दुसऱ्या घरी नांदायला गेली होती. मध्य रेल्वेला पुढे कमी उंचीची एसी लोकल वेगळी बनवून घ्यावी लागली. ती जानेवारी २०२० अखेर ट्रान्स-हार्बरवर सुरू झाली, तिकीट परवडेना म्हणून रिकामी धावली आणि एसी गाड्या मग मुख्य मार्गाकडे वळवल्या गेल्या. ठाणे-वाशीवर गाडी यायची आणि जायची, असं हे चाललेलं असतं.

उंचीमुळे अडलेली मुंबईची लोकल जगात एकटी नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचं बेट आहे. तिथल्या राइड गावचा बोगदा इतका बुटका, की साधी गाडी त्यातून जात नाही. तोडगा काय काढला, तर लंडनच्या भुयारी रेल्वेच्या जुन्या, बुटक्या गाड्या समुद्रापार नेल्या. १९३८ सालच्या बनावटीच्या गाड्या १९८९ पासून त्या बेटावर धावत होत्या आणि जानेवारी २०२१ मध्ये निवृत्त झाल्या. ऐंशी वर्षांचा संसार. त्यांच्या जागी नोव्हेंबर २०२१ मध्ये आल्या त्याही लंडनच्याच, १९८० च्या आसपासच्या डिस्ट्रिक्ट लाईनच्या गाड्या. पण येण्याआधी त्यांचं सगळं अंतरंग बदललं होतं. अॅल्युमिनियमचा सांगाडा जुना, आतली मोटर आणि नियंत्रण नवं. वागळेतला मिस्त्री याला ‘बेड चांगला, बाकी सगळं नवं टाकलं’ असं म्हणेल.

आपल्या लोकलची अडचण उंचीपेक्षा रुंदीची आहे. मुंबईची लोकल ३.६६ मीटर रुंद. लांब पल्ल्याच्या गाडीचा डबा ३.२५ मीटर. दाराला पायऱ्याही नाहीत, त्यामुळे उंच फलाट नसेल तिथे ती उपयोगाची नाही. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सची रोका नावाची उपनगरी लाईन आहे. रुळांची रुंदी आपल्याइतकीच, १,६७६ मिलिमीटर, आणि तारही २५,००० व्होल्टची. नकाशावर हे बघून कुणाला वाटेल, द्या पाठवून चार गाड्या. पण आपली रुंद लोकल तिथल्या फलाटांना घासल्याशिवाय राहायची नाही. मुंबईची गाडी मुंबईच्याच अंगामापाने शिवलेली आहे. ती पुन्हा कुठे घालायची तर घरातल्याच कुणालातरी द्यावी लागेल.

जुन्या गाड्यांवर सगळं शहर कसं चालवावं, हे जकार्ताने दाखवलं. सन २००० मध्ये टोकियो महापालिकेच्या भुयारी मार्गावरचे ७२ डबे जकार्ताला मिळाले. नशीब असं, की दोन्हीकडे रूळ १,०६७ मिलिमीटरचे आणि तार १,५०० व्होल्ट डीसीची. मग वाट मोकळी झाली. टोकियोतल्या वेगवेगळ्या कंपन्यांनी बाजूला काढलेल्या गाड्या वर्षागणिक जहाजातून उतरू लागल्या. २०१३ पासून जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या ‘२०५’ मालिकेचेच आठशेहून जास्त डबे तिकडे गेले. सैक्यो, योकोहामा, नाम्बू, मुसाशिनो या टोकियोच्या मार्गांवर ज्या गाड्यांत कारकून उभ्याने डुलक्या काढत, त्याच गाड्या बोगोर आणि बेकासीच्या नोकरदारांना नेऊ लागल्या. आत जपानी सूचना कितीतरी दिवस तशाच चिकटलेल्या.

त्याआधीच्या जकार्ताचं वर्णन ऐकलं तर डोंबिवलीकराला आपलंच वाटेल. दारं उघडी, माणसं लोंबकळलेली, शेकडो जण टपावर. टपावर चढू नये म्हणून अधिकाऱ्यांनी करून पाहिलं नाही असं काही उरलं नव्हतं. रुळांच्या वर सिमेंटचे गोळेसुद्धा टांगले. उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो २०१३ मध्ये. त्या जुलैत बिगरवातानुकूलित स्वस्त गाड्या बंद झाल्या, सगळीकडे बंद दारांच्या एसी गाड्या आल्या आणि त्याच महिन्यात अंतरावर आधारलेलं नवं तिकीट, सरकारी अनुदानासह, लागू झालं. एसी गाडीचं भाडं साध्या माणसाला झेपेल एवढं उतरलं. टप आपोआप रिकामा झाला. या सगळ्यात कोरी गाडी जवळजवळ नव्हती. होती ती दुसऱ्यांची, वीस-तीस वर्षं वापरलेली, पण दार नीट लागणारी.

इथे मुंबईशी तुलना टाळता येत नाही. आपण एसी लोकल कोरी आणली आणि तिला भाडं असं लावलं की पासवाला तिच्याकडे फिरकेना. मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट निम्म्यावर आणल्यावर गर्दी वाढली, पण पासाचा भार बराचसा तसाच राहिला. जकार्ताने गाडी जुनी घेतली आणि पैसा भाड्यावर खर्च केला. आपण पैसा गाडीवर घातला आणि माणूस उघड्या दारात उभा ठेवला. कोरी गाडी म्हणजे प्रगती आणि वापरलेली म्हणजे मागासलेपण, ही आपली समजूत या एका उदाहरणावर तरी टिकत नाही.

अर्थात जकार्तालाही हे कायम पुरलं नाही. २०२३ मध्ये तिथल्या लोकल कंपनीला आणखी जुन्या जपानी गाड्या हव्या होत्या. सरकारने हिशेब तपासला आणि नकार दिला. देशातल्या कारखान्याला काम द्या, तोवर नव्या गाड्या चीनमधून घ्या, असं ठरलं. दुसऱ्याच्या जुन्यावर किती दिवस काढायचे, हा प्रश्न एक ना एक दिवस येतोच, आणि इंडोनेशियाने तो निदान उघडपणे विचारला.

न तपासता घेतलेल्या मालाची गोष्ट ब्युनोस आयर्सची. तिथल्या भुयारी रेल्वेने माद्रिदहून वापरलेल्या गाड्या विकत घेतल्या. २०१८ मध्ये उघड झालं, की त्यांच्या भागांमध्ये अॅस्बेस्टॉस आहे. कामगारांनी आवाज उठवला, गाड्या बाजूला काढाव्या लागल्या. स्वस्तात घेतलेली वस्तू महागात पडण्याचा याहून चांगला दाखला शोधूनही सापडायचा नाही. त्याच शहराने टोकियोच्या मारुनोउची लाईनच्या लाल गाड्याही घेतल्या होत्या, त्या मात्र वर्षानुवर्षं इमानाने चालल्या; इतक्या, की २०१६ मध्ये टोकियो मेट्रोने त्यातले चार डबे आठवण म्हणून परत नेले.

आणि अगदी अलीकडचं पेरूचं. कॅलिफोर्नियातली कॅलट्रेन ही उपनगरी सेवा सप्टेंबर २०२४ मध्ये डिझेलवरून विजेवर आली. तिच्या ९० डब्यांचं आणि १९ इंजिनांचं काय करायचं? ती लिमा शहराला सुमारे ६३ लाख डॉलरला दिली गेली. जुलै २०२५ मध्ये गाड्या कायाओ बंदरात उतरल्या, महापौरांनी सोहळा केला. मग लोकांच्या लक्षात आलं, की गाड्या आल्या तरी स्थानकं कुठली, रूळ कुणाचे, परवानगी कुणी द्यायची यावर महापालिका आणि केंद्रीय वाहतूक मंत्रालय यांचं जमलेलंच नाही. गाळा भाड्याने घेण्याआधी लेथ आणून दारात उतरवली, तसं झालं.

आपणही देणाऱ्यांच्या रांगेत आहोत, हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं. जुलै २०२० मध्ये भारताने बांगलादेशाला ब्रॉडगेजची दहा डिझेल इंजिनं दिली. २०२३ मध्ये आणखी वीस. मीटरगेज संपत गेली तशी तिची इंजिनं मलेशियापासून आफ्रिकेपर्यंत गेली. नेरळ-माथेरानच्या रुळांवर दार्जिलिंगचं ७९४ क्रमांकाचं वाफेचं इंजिन येऊन राहिलं. लांब पल्ल्याच्या म्हाताऱ्या डब्यांच्या खिडक्या बुजवून, टोकाला दारं पाडून त्यांतून मोटारी वाहून नेतात. सीएसएमटीच्या आवारात ऑक्टोबर २०२१ मध्ये एका डब्यात हॉटेल सुरू झालं. मोडीत काढायच्या वस्तूला दुसरं काम शोधून द्यायची कला रेल्वेला येत नाही असं कोण म्हणेल?

म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा. मुंबईसाठी २३८ वातानुकूलित लोकल घेण्याचा निर्णय केव्हाचा झालेला आहे. ९ जून २०२५ ला सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चार जीव गेले. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली. नव्या साध्या गाड्यांनाही अशी दारं असतील, दारांना जाळीच्या पट्ट्या, छतावरून हवा आणि डब्यातून डब्यात जायची वाट असेल, असं सांगितलं गेलं. चांगलंच आहे. पण आत्ता धावणाऱ्या शेकडो गाड्यांचं काय?

लोकलच्या डब्याचं ठरलेलं आयुष्य २५ वर्षं. २००७ च्या सीमेन्स गाड्यांची मुदत २०३२ च्या सुमारास भरते. बम्बार्डियरच्या पहिल्या गाडीची २०४० मध्ये. म्हणजे नव्या एसी गाड्या खरोखर येऊ लागतील तेव्हा निम्मं आयुष्य शिल्लक असलेल्या कित्येक लोकल मुंबईला जास्तीच्या होतील. त्यांना चालू भाव मिळणार की भंगाराचा, हे आत्ताच ठरवावं लागेल. कारण ठरवलं नाही तर नेहमीचं होईल: त्या आहेत तशा, उघड्या दारांनिशी, ज्या मार्गाचा आवाज सगळ्यात बारीक, तिकडे सरकवल्या जातील.

जागा शोधायला लांब जायला नको. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे आणि तिथला प्रवासी जास्त फेऱ्यांसाठी वर्षानुवर्षं निवेदनं देतो आहे. पनवेल-कर्जत हा नवा उपनगरी मार्ग तयार होतो आहे. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल पोचली, तिथे फेऱ्यांमधलं अंतर अजून घड्याळ बघायला लावणारं आहे. आणि वसई-दिवा-पनवेल. या मार्गावर भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र अशी स्थानकं आहेत, आजूबाजूला गोदामांचं नवं शहर वसलं आहे, आणि मेमूच्या मोजक्या फेऱ्या सोडल्या तर माणसं रस्त्यानेच जातात. ज्या भिवंडीने गिरण्यांच्या टाकलेल्या मागांवर पोट भरलं, तिला मुंबईची वापरलेली लोकल दिली तर ती नाक मुरडणार नाही. दहा-दहा वर्षं ती गाडीच मागते आहे.

यावर रेल्वेचं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते खोटंही नाही. या मार्गावर मालगाड्यांची रीघ असते. गाडी दिली म्हणून वेळापत्रकात जागा निर्माण होत नाही. फलाट उंच करावे लागतील. देखभालीला जागा लागेल, कारण कुर्ला, कळवा, सानपाडा या शेड आधीच भरलेल्या. सगळं खरं. पण ही कामं नवी गाडी घेण्याच्या मानाने स्वस्त आहेत आणि ती करायला वेळ लागतो, म्हणूनच ती आत्ता सुरू करायची. लिमासारखं गाड्या बंदरात उतरल्यावर रूळ शोधत बसायचं नसेल, तर २०३० सालचं वेळापत्रक आज कागदावर यायला हवं.

आणि दाराचा मुद्दा सोडून चालणार नाही. वाइट बेटावरच्या गाडीचा सांगाडा ठेवून आतलं सगळं बदललं गेलं. आपल्याकडेही हे काम नवं नाही. डीसीकडून एसीकडे जाताना कित्येक जुन्या लोकलमध्ये दोन्ही दाबांवर चालणारी यंत्रणा बसवून त्या आणखी काही वर्षं चालवल्या होत्याच. प्रवासी त्यांना ‘रेट्रोफिट’ म्हणूनच ओळखत. मोटर बदलता येते तर दारही बदलता येतं. हवा येण्याची सोय, दार उघडण्या-मिटण्यातले सेकंद, थांब्याचा वेळ, यावर अभियंत्यांचे आक्षेप आहेत आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पण दुसऱ्या मार्गाला जाणारी प्रत्येक लोकल आधी माटुंग्याच्या कारखान्यात थांबेल, दारं बसवून घेईल आणि मगच पुढे जाईल, एवढा एक नियम केला तरी उतरलेला सदरा निदान बटणं लावून मिळेल. ट्रान्स-हार्बरला, वसई-दिव्याला, उरणला जे येईल ते दादरच्या जलद गाडीपेक्षा काकणभर बरंच असेल. आजवर हे कधी घडलेलं नाही, म्हणून ते अशक्य वाटतं.

इथे एक खोड नोंदवली पाहिजे. गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाते तेव्हा तिची बातमी ‘हार्बरला नव्या गाड्या’ अशीच येते. नव्या म्हणजे त्या मार्गाला नव्या. प्रवासी चार दिवस खूश होतो, मग सीट फाटलेली, पंखा खडखडणारा, दाराजवळच्या दांड्याचा रंग हजारो हातांनी गेलेला दिसला की त्याला फसवल्यासारखं वाटतं. वागळेतल्या कुठल्याही दलालाने आठ वर्षं चाललेलं मशिन नवं म्हणून खपवायचा प्रयत्न केला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याला गल्लीत कुणी उभं केलं नसतं. गाडी कुठल्या सालची, कुठल्या मार्गावर किती वर्षं राबली, शेवटची मोठी दुरुस्ती केव्हा झाली, अजून किती वर्षं काढणार, हे सांगायला पैसा लागत नाही.

यातली निम्मी माहिती गाडी स्वतःच अंगावर घेऊन फिरते. गाडी फलाटाला लागली की दोन डब्यांच्या मधल्या फटीत डोकावून पाहावं. टोकाच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात बारीक अक्षरं असतात: दुरुस्ती कुठल्या कारखान्यात झाली, कोणत्या महिन्यात झाली, पुन्हा केव्हा व्हायची आहे. ती फिटरसाठी लिहिलेली, इंग्रजीत, आद्याक्षरांत, धुळीने अर्धी झाकलेली. ठाण्याच्या दहा नंबरवर सव्वासहाच्या वाशी गाडीला धावत येणाऱ्याला ती वाचायला वेळ नसतो. हीच अक्षरं दाराच्या आत, मराठीत, रूटमॅपच्या शेजारी रंगवायला एक डबा रंग आणि एक दुपार पुरेल.